किल्ली तबकात होती

रहिमतुल्लाचा सत्कार मी केला आणि त्या सत्कारापायी त्याची नोकरी जायची वेळ आली. नाटकात असताना मी पुष्कळ लोकांचं नुकसान केलं, पण ते तिकिटाच्या दराइतकंच असायचं. अंगावर शाल घालून माणूस खड्ड्यात लोटण्याचा प्रकार मी वयाच्या शहात्तराव्या वर्षी पहिल्यांदा केला.

रहिमतुल्ला मोहोळचा. अठ्ठावन्न वर्षांचा, काटक, कमी बोलणारा. गेली एकोणीस वर्षं तो रुग्णवाहिका चालवतो, आणि एकोणीस वर्षं कंत्राटावरच आहे. त्याआधी तो आमच्या नाटक कंपनीच्या बसवर होता. आम्ही जत्रांमधून आणि तालुक्यांच्या गावांतून प्रयोग करायचो. नटमंडळी चहाला उतरली की तासाभराने परत चढायची, पण पडदा वेळेवर वर गेला नाही असं त्याच्या काळात कधी झालं नाही. "मास्तर, गाडी लागली," एवढंच तो म्हणायचा आणि इंजिन सुरू करायचा. मागे राहिलेल्याने धावत यायचं. मी स्वतः दोनदा धावलोय, एकदा अर्धी मिशी लावून.

एकदा शिपायाचं काम करणारा नट अतिसाराने आडवा झाला. मी रहिमतुल्लाला खाकी कपडे चढवले आणि एक वाक्य पाठ करून घेतलं: "सरकार, कैदी पळाला." तो रंगमंचावर आला, माझ्या सिंहासनासमोर ताठ उभा राहिला, पाचशे प्रेक्षकांकडे त्याने एकदा पाहिलं आणि म्हणाला, "मास्तर, गाडी लागली." मी सिंहासनावरून उठलोच. सवयच तशी होती. प्रेक्षकांना तो प्रवेश इतका आवडला की पुढच्या गावी लोकांनी तसाच मागितला.

कंपनी बंद पडली. मी सोलापुरात शुक्रवार पेठेत दोन खोल्यांत राहून सूत्रसंचालनं करू लागलो. शाळांची गॅदरिंगं, पतसंस्थांच्या सभा, भूमिपूजनं. पूर्वी मी राजा व्हायचो, आता राजांची नावं पुकारतो. रहिमतुल्ला रुग्णवाहिकेवर गेला. एकदा मी त्याला विचारलं होतं, "काय रे, बसपेक्षा हे काम बरं का?" तो म्हणाला, "बरं म्हंजे, हितं पॅसेंजर टाळ्या वाजवत न्हाय, पण उतरताना भांडत बी न्हाय."

ज्या आरोग्य केंद्रावर तो आहे, त्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथल्यांना वाचून कळेलच. केंद्राची जुनी रुग्णवाहिका गिअरबॉक्स जाऊन गॅरेजला पडली होती. नवी आली होती. आमदारनिधीतून आलेली, पांढरीशुभ्र, निळ्या दिव्याची. ती सत्तेचाळीस दिवस केंद्राच्या मागे ताडपत्रीखाली उभी होती, कारण तिचं लोकार्पण व्हायचं होतं आणि साहेबांची तारीख मिळत नव्हती. साहेब म्हणजे तिथले आमदार. त्या सत्तेचाळीस दिवसांत पेशंट जीपमधून, टमटममधून, एकदा तर दुधाच्या टेम्पोतून सोलापूरला गेले. रहिमतुल्ला रोज सकाळी ताडपत्री वर करायचा, गाडी पुसायचा, इंजिन पाच मिनिटं चालवायचा आणि ताडपत्री परत घालायचा.

मग निवडणुकीची आचारसंहिता लागायची चिन्हं दिसू लागली आणि तारीख एकदम मिळाली. साहेबांचे स्वीय सहायक गुरुलिंग यांचा मला फोन आला. "मास्तर, अकराचा कार्यक्रम हाय. साहेबांना थोडं मागंपुढं होईल. तुमी पब्लिक धरून ठेवा."

पब्लिक धरून ठेवा! ह्या तीन शब्दांसाठी मी कुठेही जाईन. धोतर, जाकीट, खिशात कवितेचे चार कागद, असा मी नटून निघालो. प्रभा, माझी बायको, दारातून म्हणाली, "माईक तोंडापासून लांब धरा. आणि कुणी कानात काही सांगितलं तर 'पुन्हा सांगा' म्हणायची लाज बाळगू नका." प्रभा आमच्या कंपनीत वीस वर्षं प्रॉम्प्टर होती. तिचं कुजबुजणं शेवटच्या रांगेपर्यंत जायचं, फक्त माझ्यापर्यंत यायचं नाही.

त्याचं कारण सांगितलं पाहिजे. माझा डावा कान गेलेला आहे. एका ऐतिहासिक नाटकात तोफेच्या आवाजासाठी विंगेत सुतळी बॉम्ब लावायचे. एकदा तो माझ्या शेजारीच उडाला. तेव्हापासून डाव्या बाजूने मला जग मुक्याने बोलल्यासारखं दिसतं. ही गोष्ट मी तीस वर्षं लपवली. बहिरा सूत्रसंचालक कोण बोलावेल? मी हसून मान डोलवायची कला शिकलो. बहुतेक वेळा ती पुरते. लोकांना आपलं ऐकून घेतलं एवढंच हवं असतं.

तर कार्यक्रम. केंद्राच्या अंगणात मांडव, समोर शेवंतीच्या माळांनी नटवलेली गाडी, दोन बांबूंना बांधलेली लाल फीत, शेजारी बँडवाले. केंद्राच्या सिस्टर वैदेहीला गुरुलिंगने फाटकाशी ओवाळणीचं ताट देऊन उभं केलेलं. व्यासपीठावर माझ्या डाव्या हाताला एक टेबल, त्यावर तबक. तबकात हळदकुंकू, नारळ, कात्री, साहेबांसाठीची शाल, आणि त्या शालीखाली गाडीची किल्ली. प्रतीकात्मक, पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली वेगळी होती. पण गुरुलिंगला बारकावे आवडतात. तो म्हणाला होता, "खरी किल्ली साहेबांच्याच हातून ड्रायव्हरला द्यायची. फोटोत खरं दिसलं पायजे."

अकरा वाजले, साडेअकरा वाजले. मी कविता संपवल्या. मग एका राजाच्या मृत्यूचं स्वगत म्हटलं. मग राजाला जिवंत करून त्याच्या तरुणपणाचं म्हटलं. बायका रडल्या, म्हातारे पुढे सरकून बसले. खोटं का सांगू, साहेब आणखी तासभर आले नाहीत तरी चालेल असं मला वाटत होतं.

बारा वाजून दहा मिनिटांनी रहिमतुल्ला व्यासपीठाच्या पायऱ्या चढून माझ्या डावीकडे आला. बँड चालू होता. तो वाकून काहीतरी म्हणाला आणि त्याने तबकाकडे हात केला.

मला ऐकू आलं ते असं: "मास्तर, शाल आलीय."

पाहुण्यांच्या जादा शाली सोलापूरहून यायच्या होत्या, हे मला माहीत होतं. म्हणजे त्या आल्या. पण त्याचा हात तबकातल्या शालीकडे चाललेला मी पाहिला. बिचाऱ्याला शालीचा मोह झाला! एकोणीस वर्षं गाडी चालवली, कुणी साधा हार घातला नाही याला. मी त्याचं मनगट धरलं, त्याला साहेबांसाठी ठेवलेल्या मखमली खुर्चीत दाबून बसवलं आणि माईकमध्ये गरजलो, "रसिकहो! लोकार्पण गाडीचं होईल तेव्हा होईल. आधी त्या गाडीच्या सारथ्याचा सत्कार!"

टाळ्या. रहिमतुल्ला उठायला बघतोय, मी खांदा दाबतोय. "संकोच करू नकोस," मी म्हणालो. शाल उचलून त्याच्या खांद्यावर घातली, नारळ त्याच्या दोन्ही हातांत दिला. खाली किल्ली उघडी पडली होती, ती मला दिसलीसुद्धा. मी बस, जत्रा, पाचशे प्रेक्षक, सगळं सांगितलं. तो हात हलवून काही सांगत होता, तो मी विनय समजलो. त्याच्या हातात माईक दिला असता तर तिथेच सगळं मिटलं असतं. पण मी माईक आजवर कुणाच्या हातात दिलेला नाही. सत्कार सहा मिनिटं चालला. सहा, हे नंतर व्हिडिओवरून ठरलं.

तेवढ्यात गुरुलिंग वर आला, "साहेब पाच मिन्टात येत्यात," म्हणाला आणि तबक उचलून खाली गाडीपाशी जाऊन उभा राहिला. शाल पांघरलेला, नारळ घेतलेला रहिमतुल्ला त्याच्यामागे गेला. दोघं काही बोलत होते. मी पुढच्या स्वगताला लागलो.

खरं काय घडत होतं ते मला फार उशिरा कळलं. तिथून नऊ किलोमीटरवरच्या वस्तीवर गिरिजाबाई नावाची बाई भाकरी थापता थापता परातीवर कोसळली होती. तोंड वाकडं, उजवी बाजू लुळी. तिथल्या आशा सेविकेने सिस्टरला फोन केला, सिस्टरने रहिमतुल्लाला सांगितलं, आणि तो किल्ली घ्यायला माझ्याकडे आला. गुरुलिंगपुढे त्याने हात जोडले. गुरुलिंगने साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, पाच मिनिटं. ती पाच मिनिटं अर्ध्या तासाची झाली. शेवटी सिस्टर वैदेही ओवाळणीचं ताट जमिनीवर ठेवून आली आणि गुरुलिंगला म्हणाली, "पेशंटला काही झालं तर जबाबदारी तुमची. तेवढं लिहून द्या, मग थांबते."

'लिहून द्या' ऐकल्याबरोबर गुरुलिंगच्या हातातलं तबक सैल झालं.

बारा पंचावन्नला गाडी माळा झुलवत, फीत तोडून गेली. मी वरून पाहिलं आणि मला वाटलं, साहेबांच्या आगमनाची रंगीत तालीम असावी. एक वीसला साहेब आले. गाडी नव्हती. फीत पुन्हा बांबूंना बांधली, साहेबांनी ती कापली आणि मोकळ्या जागेचं लोकार्पण झालं. मी माईकमध्ये म्हणालो, "पाहा रसिकहो, गाडी सेवेत रुजूही झाली!" प्रचंड टाळी पडली. त्या टाळीची मला आता शरम वाटते, पण तेव्हा मी कमरेत वाकून ती घेतली होती.

गिरिजाबाई वाचल्या. सोलापुरात पहिल्या दवाखान्याच्या दाराशी त्या पाऊण तास गाडीतच पडून होत्या, कारण आत खाट नव्हती आणि बाहेर स्ट्रेचर नव्हतं. दुसऱ्या दवाखान्यात घेतलं. डॉक्टर म्हणाले, दीड तास आधी आला असतात तर हात वाचला असता. त्यांचा मुलगा सिद्धाप्पा, साखर कारखान्यात फिटर आहे, त्याने तक्रार केली. चौकशी समिती बसली. आणि समितीपुढे पहिला पुरावा गेला तो फोटोचा: वेळ बारा चौदा, मखमली खुर्ची, अंगावर शाल, हातात नारळ. कॉल आलेला असताना चालक सत्कार घेत बसला. रहिमतुल्लाला कारणे दाखवा नोटीस निघाली. कंत्राटी माणूस, निष्काळजीपणाचा शेरा बसला की दुसरीकडेही कुणी गाडी देणार नाही.

मला हे कळलं ते गुरुलिंग पेढे घेऊन घरी आला तेव्हा.

"मास्तर, एक साधं निवेदन हाय," त्याने टाईप केलेला कागद पुढे केला. 'चालक स्वतःहून व्यासपीठावर आला व त्याने सत्काराची इच्छा दर्शविली.' "जे झालं तेच लिहिलंय. बरोबर हाय की?"

मी आठवून पाहिलं. तो स्वतःहून आला होता. शालीकडे हात केला होता. "बरोबर आहे," मी म्हणालो, "पण बिचाऱ्याचं..."

"त्याचं आमी बघतो. आणि हो, साहेबांच्या मनात हाय, नाट्यगृहाची दुरुस्ती चाललीय न्हवं, तितल्या रंगपटाला तुमचं नाव द्यायचं."

रंगपट म्हणजे नट जिथे तोंड रंगवतात ती खोली. चाळीस वर्षं मी तिथे बसलो. लोकांना रस्त्यांना नावं हवी असतात, चौकांना हवी असतात. मला त्या पावडरीच्या वासाच्या खोलीला हवं होतं. माझे डोळे भरून आले. मी चष्मा शोधू लागलो.

"अहो, सही करण्याआधी वाचा तरी," प्रभा आतून म्हणाली.

"वाचलं की."

"तुम्ही 'रंगपट' वाचलंत. तो शब्द त्या कागदावर नाही."

गुरुलिंग हसला. "राहू द्या वहिनी. उद्या न्यायला येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुलिंगच्या आधी रहिमतुल्ला आला. चप्पल दाराबाहेर, टोपी हातात. मला वाटलं रडेल, पाया पडेल. मी त्यासाठी चेहरा तयार ठेवला होता. तो म्हणाला, "मास्तर, एक अडचण हाय. त्या शालीची."

"शालीची?"

"समितीवाल्यांनी ती जमा करा म्हणून सांगितलंय. पुरावा म्हणून. आनि शाल माझ्याकडं न्हाय." तो अंग चोरून बसला. "नव्या गाडीत चादरच नव्हती. बाई थंडीनं नुसती थरथरत होती, मी ती शाल तिच्या अंगावर टाकली. आता आजारी बाईकडं परत कशी मागू? तुमी म्हनाल तर हरवली म्हनून सांगतो."

"मग सांग की हरवली," मी म्हणालो. "पण रहिमत, मला एक कळत नाही. तुला शाल हवी होती तर मला आदल्या दिवशी सांगायचंस. असं भर कार्यक्रमात..."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मला शाल हवी होती?"

"तूच म्हणालास. 'शाल आलीय.'"

"मास्तर," तो हळूच म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं असावं, कारण तो उठून माझ्या उजवीकडे येऊन बसला. "मी म्हनलो, कॉल आलाय."

आत प्रभाचा स्टोव्ह फरफरत होता, तो मला उजव्या कानाने नीट ऐकू येत होता.

मग रहिमतुल्ला हसायला लागला. आधी खांदे हलले, मग टोपी तोंडावर धरून तो हसला. "या खुदा! शाल! आनि मी आपला म्हनतोय, मास्तर असं का करायलेत! मला वाटलं साहेबांनीच सांगितलं असंल तुमाला, याला अडकवून ठेवा म्हनून!"

"म्हणजे इतके दिवस तुला वाटत होतं, मी मुद्दाम..."

"व्हय. पन रशीदा म्हनली, मास्तर वंगाळ न्हाईत, त्यांना फकस्त बोलायचं लई वेड हाय." रशीदा म्हणजे त्याची बायको. तिचा हा अभिप्राय मी इथे अभिमानाने नोंदवतो. आजवर माझ्यावर आलेल्या परीक्षणांत तोच सर्वांत अचूक आहे.

"हे समितीला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? मी कॉल आलाय म्हनलो, आनि मास्तरांनी ऐकून बी मला बसवलं? म्हंजे बाईच्या हाताचं तुमच्या डोक्यावर. ह्या वयात तुमाला कुटं कचेरीत वडायचं?"

त्याची नोकरी चालली होती आणि तो मला वाचवत बसला होता. मी नाटकात मोठ्या मनाच्या माणसांची कामं पुष्कळ केली. फेटा बांधायला अर्धा तास, मिशी लावायला पाव तास. हा माणूस टोपी हातात धरून ते काम करत होता, आणि त्याला त्याचं काही वाटतही नव्हतं.

गुरुलिंग कागद न्यायला आला तेव्हा मी सांगितलं, सही होणार नाही, समितीपुढे जाऊन माझ्या गेलेल्या कानाचं सगळं सांगणार. "मास्तर, विचार करा," तो म्हणाला. "बहिरा म्हनून सरकारी कागदावर गेलात तर उद्या कार्यक्रमाला कोन बोलवंल? आनि रंगपटाचं..."

"रंगपटाला प्रभाचं नाव द्या," मी म्हणालो. "तिला निदान ऐकू येतं." हे वाक्य मला फार आवडलं. प्रभाने मात्र नंतर विचारलं, "सगळं गमावतानाही टाळीचं वाक्य लागतंच का हो तुम्हाला?"

समितीपुढे मी जाकीट घालून गेलो. अध्यक्षा डॉ. इंद्रायणी देशमाने, चाळिशीच्या, चेहऱ्यावर कामाचा शीण. एका बाजूला लेखनिक. भिंतीशी रहिमतुल्ला, शेजारी तक्रारदार सिद्धाप्पा, त्याच्या मांडीवर घडी घातलेली ती शाल. समितीने ती पुरावा म्हणून मागवलीय हे कळल्यावर तो स्वतःच घेऊन आला होता. मी तीन पानांचं भाषण पाठ केलं होतं. उभा राहिलो, श्वास घेतला आणि म्हणालो, "हे न्यायदेवते..."

"बसा," अध्यक्षा म्हणाल्या. "इथं न्यायदेवता नाही, मी आहे. थोडक्यात सांगा."

लेखनिक माझ्या डावीकडे बसला होता. त्याने काहीतरी विचारलं. मी हसून मान डोलवली आणि म्हणालो, "उत्तम. चहासुद्धा मिळाला."

सगळे माझ्याकडे बघू लागले. अध्यक्षांनी सावकाश सांगितलं, "त्यांनी तुमचं वय विचारलं."

मला 'सोय' ऐकू आलं होतं. भाषणाची तीन पानं तिथेच गळून पडली. मी साध्या शब्दांत सांगितलं. माझा डावा कान तीस वर्षांपूर्वी गेला. ते मी लपवलं. हा माणूस कॉल आलाय म्हणाला, मी शाल आलीय ऐकलं. त्याला मी जबरदस्तीने बसवलं. तो खुर्चीसाठी आला नव्हता, किल्लीसाठी आला होता. किल्ली तबकात होती.

"किल्ली तबकात का होती?" अध्यक्षांनी विचारलं.

"साहेबांच्या हातून द्यायची म्हणून."

लेखनिकाचं पेन थांबलं. "मॅडम, लोकार्पणाचा विषय आपल्या चौकशीच्या कक्षेत येत नाही. आपली कक्षा चालकाची वर्तणूक."

तेव्हा सिद्धाप्पा उठला. इतका वेळ तो रहिमतुल्लाकडे पाठ करून बसला होता. "बाई, मी अडाणी मानूस. एक इचारू? मास्तरांच्या कानामुळं सा मिन्टं गेली. त्या पीएमुळं अर्धा तास गेला. दवाखान्याच्या दारात पाऊन तास गेला. त्याच्या आदी गाडी सत्तेचाळीस दिवस उभी व्हती. त्ये कुनाच्या कानामुळं?"

लेखनिकाने अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षा म्हणाल्या, "लिहा. जसं बोलले तसंच लिहा."

मग सिद्धाप्पा रहिमतुल्लाकडे वळला आणि ती शाल त्याच्या हातात देऊ लागला. रहिमतुल्ला म्हणाला, "अवो, ही बाईंची हाय. साक्ष झाली की घरी न्या."

महिन्याभराने अहवाल आला. रहिमतुल्लाची नोटीस रद्द झाली, कामावर ठेवण्यात आलं. विलंबाचं कारण, आणि हे मी शब्दशः उतरवतो, 'सूत्रसंचालकांचा श्रवणदोष.' सिद्धाप्पाचा प्रश्न परिशिष्टात गेला आणि परिशिष्ट 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' वर गेलं. वर म्हणजे कुठे, ते मला माहीत नाही. रहिमतुल्लाने मात्र स्वतःच्या हाताने एक अर्ज केला होता, दोन ओळींचा. त्यावर आदेश निघाला: रुग्णवाहिकेची किल्ली कोणत्याही कारणास्तव चालकाकडून काढून घेऊ नये. साहेबांच्या कार्यालयातून खुलासा आला की साहेब नेहमीच तातडीच्या आरोग्यसेवेच्या पाठीशी आहेत. पाठीशीच होते, तेही खरं. पुढे यायला दोन तास वीस मिनिटं लागली.

म्हणजे एवढ्या मोठ्या जिल्ह्यात, आमदारांपासून स्ट्रेचरपर्यंत, जबाबदार असा एकच अवयव सापडला, माझा डावा कान. माझ्या कोणत्याही भूमिकेची सरकारदरबारी नोंद झाली नव्हती, याची झाली. सूत्रसंचालनाची आमंत्रणं अर्थातच थांबली. रंगपटाला कुणाचंच नाव दिलं नाही.

रहिमतुल्ला मला एकदा गिरिजाबाईंकडे घेऊन गेला. मी माफी मागायची म्हणून गेलो होतो. त्या ओट्यावर बसल्या होत्या, उजवा हात मांडीवर ठेवलेला, डाव्या हाताने भाकरी थापत होत्या. भाकरी एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ होत होती. मी बोलायला तोंड उघडलं. सिद्धाप्पा म्हणाला, "मास्तर, जरा थांबा. अव्वाला काय तरी म्हनायचंय."

त्या बोलू लागल्या. जीभ जड झालेली. शब्द अर्ध्यात अडकायचे, मग डोळे मिटून त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. मी उजवा कान पुढे केला तरी मला अर्थ लागला नाही. मी हसून मान डोलवणार होतो. तीस वर्षांची सवय. पण या वेळी मी म्हणालो, "पुन्हा सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. शेवटी मला कळलं. त्या विचारत होत्या, "त्ये सायेब कवा येनार हायेत? मला त्यांना एक इचारायचंय."

"काय विचारायचंय?" मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मला सांगण्यासारखं ते नव्हतं. ते साहेबांनाच विचारायचं होतं.

त्यानंतर मी साहेबांना दोन पत्रं पाठवली, साधी, एकेका परिच्छेदाची. प्रभाने काटछाट करून दिली. सोबत सूचनाही लिहिली आहे की येताना सवड काढून यावं. बाईंचं एक वाक्य पुरं व्हायला वेळ लागतो.